तिसरा चढायचा नाय

काशीभाऊंनी कुणाचा हात कधी उघड्यावर धरला नाही. आपण हात पुढे केला की त्यांच्या खांद्यावरचा लाल काठाचा टॉवेल आधी खाली यायचा, दोघांच्या पंजांवर पडायचा आणि त्याच्याखाली ते आपली बोटं दाबायचे. लग्नात तसंच, बारशात तसंच. एकदा मयताच्या घरी सांत्वनाला गेले, तिथंही त्यांनी टॉवेल टाकला, दोन बोटं दाबली आणि मग जीभ चावून म्हणाले, "सवय, बाबा. मेली जातच नाय."

ही सवय बैलबाजाराची. मुरबाडजवळ म्हसा गावाला थंडीत मोठी जत्रा भरते. तिथं बैलांचे सौदे तोंडानं होत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर कापड टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. हजार की दहा हजार, ते समोरचं जनावर बघून कळतं. भोवती कितीही माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. पटलं की कापड ओढून काढायचं. मग तो सौदा बदलायचा नाही. काशीभाऊ त्या बाजारातले नावाजलेले दलाल. "टावेलाखालचं टावेलाखाली," असं ते म्हणायचे. त्यांचा हा शब्द मी आज मोडतो आहे. टॉवेलाखाली दोन हात लागतात, आणि त्यातला एक गेल्या मार्गशीर्षात गेला.

ते माझे थोरले साडू. माझी बायको सुनंदा आणि त्यांची बायको मंगल या सख्ख्या बहिणी. साडूसाडूंचं नातं मोठं चमत्कारिक असतं. रक्ताचं नाही, मैत्रीचंही नाही. एकाच सासऱ्याच्या ओटीवर दोन पाट मांडलेले असतात आणि कुणाला काय वाढलं, कोण काय बोललं, कोण काय घेऊन आलं, याकडे घरातल्या सगळ्या बायकांचं लक्ष असतं. त्या ओटीवर मी पंचवीसएक वर्षं त्यांच्या शेजारी जेवलो. त्यातलं एकही जेवण मला नीट पचलं नाही.

पहिली भेट सुनंदाला बघायला गेलो तेव्हाची. मी नुकताच कल्याणला गाड्यांच्या एका शोरूममध्ये लागलो होतो. शहापुराहून टाय घालून मुरबाडकडच्या त्या गावी गेलो होतो. घरातले थोरले जावई म्हणून काशीभाऊ पुढे आले, टॉवेल टाकला आणि माझी तीन बोटं दाबली. मला वाटलं, गुदगुल्या करताहेत. मी हसलो. त्यांनी चार दाबली. मी पुन्हा हसलो.

"काय पावनं, पगार इचारतोय मी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन का चार?"

ओटीवर हशा पिकला. आतून बांगड्यांचा आवाज आला, म्हणजे आतल्याही हसल्या. मी हात सोडवून घेतला.

"हात सोडवला म्हंजी सौदा मोडला," काशीभाऊ म्हणाले. मग माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पन जाऊ दे. पोरीला पसंत हायेत."

त्या थापेत माया होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त सुनंदाचं हसणं ऐकू आलं होतं.

त्यांच्यात मत्सर करण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारेल. शिक्षण सातवीपर्यंत. रंग काळा, पोट सुटलेलं, बोलणं म्हशाच्या बाजारात सगळ्या टोकांना ऐकू जाईल असं. गप्पा मारताना स्वतःचा मोठेपणा सांगायला कधी कमी करायचे नाहीत. "आख्ख्या तालुक्यात माझ्यासारखा दलाल नाय," असं तोंडावर म्हणायचे आणि समोरचा "नाय" म्हणाला की खूश व्हायचे. पण ते आले की घर हलायला लागायचं. पोरं अंगावर चढायची. सासूबाई दुखणं विसरायच्या. माझी बायको, जी माझ्याशी भाजी, गॅस आणि लाइटबिल एवढंच बोलायची, ती "भावजी, बैलाची ती गोष्ट सांगा ना," म्हणून खांबाला टेकून उभी राहायची. मी तिला घरी कधी तशी टेकून उभी राहिलेली पाहिली नव्हती.

ती बैलाची गोष्ट माझ्यासमोरच घडली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत आम्ही जत्रेला गेलो होतो. काशीभाऊंनी सरळगावच्या एका म्हाताऱ्याला स्वतःची जोडी दिली, टॉवेल ओढला, सौदा झाला. म्हातारा पैसे आणायला मुलाकडे गेला. तेवढ्यात घाटावरचा एक व्यापारी आला आणि सरळ तोंडानं म्हणाला, "शेठ, दीडपट देतो. आत्ता."

"हात दिलाय," काशीभाऊ म्हणाले.

"म्हातारा कुठंय? आला तर सांगा, बैल सुटून गेले."

"बैल सुटून गेले सांगीन," काशीभाऊ म्हणाले, "पन हात कुठं सुटून गेला सांगू?"

लोक हसले, व्यापारी निघून गेला. म्हातारा दुपार कलल्यावर आला आणि बैल घेऊन गेला. बैल जाताना वळून बघत होते. काशीभाऊंनी पाठ केली आणि सुनंदाला म्हणाले, "बैल इकला की मागं बघू नये गो. बैल बघतो. आपुन बघायचं नाय." त्यांचे डोळे भरले होते. सुनंदाचेही. मी भजी आणायला गेलो.

पुढे शेतावर ट्रॅक्टर आले, बैलबाजार उतरला आणि काशीभाऊ जमिनीची दलाली करायला लागले. मुंबईहून फार्महाउससाठी जागा बघायला येणाऱ्या लोकांच्या हातांवरही ते टॉवेल टाकायचे. त्या लोकांना त्याची गंमत वाटायची, ते फोटो काढायचे, आणि सौदे पटायचे. घर बांधलं, दोन टेम्पो घेतले, जीप घेतली. मी मात्र त्याच शोरूममध्ये सेल्समनचा मॅनेजर झालो. दुसऱ्यांच्या हातात चावी देणं, नारळ फोडणं, फोटोत कडेला उभं राहणं, हे माझं काम. आमच्याकडे एक जुनी छोटी गाडी होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर तीत मी आणि सुनंदाच असायचो. ती खिडकीतून बाहेर बघायची, मी रस्त्याकडे.

मग आमच्या कंपनीनं एक स्पोर्ट्स गाडी काढली. दोन दारं, दोन सीटा, बटण दाबलं की छप्पर मागे दुमडून जातं. बघण्यासाठी म्हणून एक शोरूममध्ये ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे मागे डबे खायला गेले की मी तिच्यात जाऊन बसायचो. स्टिअरिंगला हात लावून नुसता बसायचो. ती आपल्याला परवडणार नाही हे मला माहीत होतं. पण असं काहीतरी मला आवडतं, हे मी कुणाला कधी सांगितलंही नव्हतं. बायकोलाही नाही.

गाड्या थोड्या यायच्या होत्या आणि मागणी मोठी. बुकिंग करून सहा-आठ महिने थांबायचं, एवढं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत होतो. रांगेत पुढे यायचं असेल त्यानं 'ऑन' द्यायचा. कंपनीनं छापलेल्या किमतीच्या वर जे घेतात त्याला आमच्या धंद्यात ऑन म्हणतात. पावतीवर तो कधी सीटकव्हर होतो, कधी पॉलिश, कधी पायाखालची चटई. एवढ्या पैशांत घरभर गालिचा अंथरता येईल, पण माणसं देतात. वाट बघणं श्रीमंताला गरिबापेक्षा जड जातं.

एका दुपारी शोरूमच्या काचेच्या दारातून काशीभाऊ आत आले.

"पावनं, ही का ती?"

त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पुढून पाहिली, मागून पाहिली, वाकून पोटाखालून पाहिली. मग बॉनेटवर सणसणीत थाप मारली. काउंटरवरची प्राची धावत आली. "सर, प्लीज, हात नका लावू."

"का गो? लाथ मारती का?"

प्राची तोंडावर हात ठेवून हसली. काशीभाऊ पोट आवरत आत बसले. "बसकी हाय. पन खांदा चांगला हाय." मग मला विचारलं, "मागची सीट कुठं?"

"नाही."

"डिकीत मानूस मावंल?"

"एक बॅग मावते."

"भाताची गोन?"

"नाही."

माझ्या प्रत्येक नकारासरशी त्यांचा चेहरा फुलत होता. "म्हंजी तिसरा चढायचा नाय?"

"नाही."

"मंग लिवा आमचं नाव!"

चहा पिताना त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या लग्नात वरातीची भाड्याची जीप बिघडली आणि मंगलताई सासरी आल्या त्या बैलांच्या टेम्पोतून. पुढच्या सीटवर नवरी, नवरा, करवली आणि ड्रायव्हर. मागे विकायला काढलेली जोडी. त्या दिवशी काशीभाऊंनी नवरीच्या कानात सांगितलं होतं की एक दिवस फक्त दोघंच जाऊ. तो दिवस आला नाही. चार भावांचं घर. गाडी दारातून निघाली की कुणीतरी चढायचंच. आई, वहिनी, पुतणे, कुणाची औषधाची पिशवी, भाताची गोण. एकदा डॉक्टरकडे निघाले तर बाजारात सोडायची म्हणून शेळी चढवली. "तीस वर्सं झाली. शेळी बी नाय म्हनवंत नाय मला," ते म्हणाले. "आता गाडीच अशी पायजे, का म्हनायलाच लागू नये."

मी हसलो नाही. बुकिंगचा फॉर्म पुढे ओढला.

मग त्यांनी टेबलावर हात पुढे केला. टॉवेल पडला. त्यांना ऑनची पद्धत कुणीतरी सांगितली होती. त्यांनी माझी चार बोटं दाबली. मी बोटं आखडून घेतली आणि तोंडानं म्हणालो, "तुमच्याकडून ऑन घेणार नाही. पहिली येईल ती तुमची."

"पौषाच्या आत पायजे. म्हशाच्या जत्रेला मंगलला घेऊन जाईन. मंग मला जमायचं नाय."

"पौषाच्या आत," मी म्हणालो.

त्यांनी टॉवेल ओढून काढला. "झाला सौदा."

ऑन नाकारण्यात माझा मोठेपणा नव्हता. ते पैसे टाकून घेऊन गेले असते तर गाडी त्यांच्या कर्तबगारीची झाली असती. आता ती मी दिलेली होणार होती. सुनंदाला ते कळावं अशीही इच्छा होती. घरी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मी ऑन नाकारल्याचा भाग तिनं ऐकलाच नाही.

"फक्त दोघांसाठी? भावजींना स्वतःहून सुचलं?" ती म्हणाली. मग कुकरची शिटी झाली तशी उठली. जाता जाता म्हणाली, "ताईचं बाई नशीब."

एवढंच. पण ते माझ्या पोटात खोल जाऊन बसलं.

मार्गशीर्षात पहिली गाडी आली. लाल. ट्रेलरवरून उतरताना सगळं शोरूम बाहेर येऊन बघत होतं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ठाण्याच्या एका बिल्डरचा मुलगा येऊन बसला होता, सांगाल तो ऑन द्यायला तयार.

"पहिला नंबर तुमच्या साडूंचा आहे," मालक म्हणाले. "घरचा माणूस आहे, मी जबरदस्ती करणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

मी काचेतून गाडीकडे पाहिलं. मला स्वच्छ दिसलं: छप्पर उघडं, काशीभाऊ स्टिअरिंगवर, शेजारी मंगलताई नवी साडी नेसून, आणि गाडी शहापूरला आमच्या बिल्डिंगखाली उभी. वर खिडकीत सुनंदा.

"थांबतील ते," मी म्हणालो. "घरचेच आहेत."

मी त्यात एक पैसा घेतला नाही. मालक काही देऊ पाहत होते, तेही नको म्हणालो. त्यांना मी फार सरळ माणूस वाटलो. पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं. लोभाला लोक समजून तरी घेतात. दुसऱ्याच्या ताटातलं आपल्याला नको असतं, त्याच्याही पोटात जाऊ नये एवढंच वाटतं, याला काय नाव द्यायचं?

काशीभाऊंचा फोन यायचा. "पावनं, आली का?"

"कंपनीकडूनच उशीर आहे."

"बरं बरं. तुमी तरी काय करनार."

दर वेळी तेच. एकदाही आवाज चढला नाही.

पौषात जत्रा भरली. सुनंदाच्या आग्रहाखातर मीही गेलो. काशीभाऊ जीपनं आले होते. जीपमध्ये दहाएक माणसं, मंगलताई मागच्या बाकावर दोन पोरं मांडीवर घेऊन. बैलबाजारात त्यांच्या जुन्या सोबत्यांनी त्यांना घेरलं. गाडीची बातमी त्यांनी स्वतःच तालुकाभर केली होती.

"काय काशीशेठ, गाडी कुठंय?"

"टावेलाखाली असंल रे! दिसायची नाय आपल्याला."

"दोनच सीटा म्हनं. मंग शेळी कुठं बसवनार?"

सगळे खदखदून हसले. काशीभाऊही हसले, पण हसताना त्यांनी टॉवेल खांद्यावर दोनदा सारखा केला. मग मला पुढे ओढून म्हणाले, "हे माझे साडू. पहिला नंबर माझा ठेवलाय त्यांनी. ऑनसुदीक घेतला नाय. कंपनीच गाडी देत नाय, तर ह्यांनी काय पोटातून काढायची? मानूस घरचा हाय."

मला शरम वाटायला हवी होती. तसं झालं नाही. तीसचाळीस लोक त्यांना हसताना पाहून मला बरं वाटलं. माझ्या हातून जे काही वाईट घडलं त्यात गाडी दुसऱ्याला देणं एकपट आणि हे बरं वाटणं दसपट, असं मी धरतो. सुनंदा हसत नव्हती. ती मंगलताईंच्या मांडीवरचं एक पोर आपल्याकडे घेत होती.

दुसरी गाडी पावसाळा संपता संपता आली. डिलिव्हरीला आम्ही गाडीवर साटिनची चादर घालतो; गिऱ्हाइकानं ती ओढायची, टाळ्या वाजवायच्या, फोटो. काशीभाऊ मंगलताईंना घेऊन जीपमधून आले. अर्थात पुतणे होते, वहिनी होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना गाडीपुढे उभं केलं. त्यांनी चादर ओढली नाही. चादरीखाली हात घातला आणि गाडी चाचपायला लागले. दिवा, बॉनेट, आरसा, दाराची कड. बाजारात जनावराच्या पाठीवरून फिरवायचे तसा हात.

"चांगली हाय," ते म्हणाले. "रंग कुठला?"

गाडी समोर होती. चादर मागे सरकली होती. मंगलताई दुसरीकडे बघत होत्या.

"लाल," मी म्हणालो.

"मंगल गो, तू जीपमधी ये. पावनं चालवतील, मी त्यांच्यासंगं बसतो."

गाडी शोरूमच्या बाहेर काढली. मग विचारलं, "डोळे?"

"साखरेनं खाल्ले. डागतर बोलला व्हता, वरीसभर चालवून घे, म्होरलं सांगता येत नाय. जत्रेपर्यंत चांगलं दिसत व्हतं. फागुनात पडदाच पडला. आता उजेड कळतो निस्ता."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी इकली असती का मला? मंगलला बी बोललो व्हतो, बहिनीला सांगू नको. आन् लोकांनी दया दाखवली असती, ती मला खपत नाय."

'मंग मला जमायचं नाय.' बुकिंगच्या दिवशी ते असं म्हणाले, तेव्हा जत्रा गेली की मिरवता येणार नाही, एवढाच अर्थ मी घेतला होता.

मुरबाड मागे पडलं. छप्पर उघडं होतं. मी स्टिअरिंगवर होतो, ज्या जागी बसायचं स्वप्न मी डबा न खाता पाहिलं होतं त्याच जागी. आरशात मागून येणारी जीप दिसत होती, माणसांनी भरलेली, आणि तिच्या पुढच्या काचेमागे कुठंतरी मंगलताई.

"सिद्धगड दिसतो का?" काशीभाऊंनी विचारलं.

"दिसतोय. ढग आहेत वरती."

"असनारच." त्यांनी तोंड वाऱ्याकडे केलं. मग म्हणाले, "पावसात आमची पोरं माळशेजला गेलती. सांगत व्हती, अशीच लाल गाडी बघितली. नंबरपाटीवर तुमच्या शोरूमचं नाव. पहिला नंबर माझा व्हता नं, पावनं?"

मी गाडी एका झाडाखाली थांबवली. जीप हॉर्न देऊन पुढे गेली.

"तोंडानं सांगू नका," ते म्हणाले. "हात द्या."

टॉवेल पडला. माझा हात गिअरवर होता तसाच त्यांनी आत घेतला.

"कंपनीनं केलं असंल तर पंजा दाबा. तुमच्या शेठनं केलं असंल तर दोन बोटं. तुमी केलं असंल तर एक."

मला खोटं बोलता आलं असतं. पंजा दाबायचा होता फक्त, आणि त्यांनी तो मानला असता. टॉवेलाखाली कुणी खोटं बोलतं हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मी एक बोट दाबलं.

त्यांनी हात सोडला नाही. त्यांचा पंजा उबदार होता, माझा घामेजला होता. मी म्हणालो, "का केलं ते विचारा."

"ह्याच्यात 'का' इचारायला बोट नाय, पावनं," ते म्हणाले. "भाव इचारता येतो. पोटातलं नाय इचारता येत." मग त्यांनी टॉवेल ओढला आणि खांद्यावर टाकला. "झालं. चला, मंगल वाट बघती."

त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. पुढच्या सणाला ओटीवर माझ्या शेजारीच जेवायला बसले, ताटातलं चाचपत. मी आलो की टॉवेल टाकायचे, पण बोटं दाबायची सोडली. नुसता हात धरायचे.

गाडी त्यांनी रिकाम्या गोठ्यात ठेवली. "फिरवून आना मंगलला," असं मला एकदा म्हणाले, पण मंगलताई बसल्या नाहीत. एका संध्याकाळी मी आणि सुनंदा त्यांच्याकडे गेलो. घरात पोरांचा गलका होता, हे दोघं दिसेनात. पुतण्या म्हणाला, "गोठ्यात असतील. रोज असतात."

गोठ्याच्या दाराशी आम्ही थांबलो. गाडी जिथं जोडी बांधायचे तिथंच उभी, छप्पर उघडं, इंजिन बंद. काशीभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. शेजारी मंगलताई, बशीत चहा ओतून त्यांच्या हातात देत होत्या.

"आता कुठं आलो?" त्यांनी विचारलं.

"आता सरळगाव गेलं. डावीकडं वळा."

"हितं खड्डा हाय."

"मंग हळू घ्या की. चहा सांडंल."

दोघं हसले. एक पोरगं आमच्या पायांमधून घुसून ओरडलं, "मला बी बसू द्या!"

"जागा नाय रे," काशीभाऊ राजासारखे म्हणाले. "दोनच सीटा हायेत."

मी दाराची चौकट धरून तिथं उभा होतो. हातून काय घडलंय हे मला ठाऊक होतं, आणि तरीही, खरं सांगतो, मला पुन्हा हेवाच वाटला. सुनंदानं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "चला, आपण नको आत जायला."

गेल्या मार्गशीर्षात ते गेले, झोपेतच. तेराव्याला जेवणं उरकल्यावर मंगलताईंनी मला आणि सुनंदाला बाजूला बोलावलं आणि चावी पुढे केली.

"मनोहरराव, गाडी तुमी न्यायची. ते बोलून ठेवलेत."

"मी? मी कशाला?"

"मी बी तेच इचारलं. तर बोलले, पावन्यांच्या मनात पहिल्यापास्न व्हती ती. शोरूममधी मी तिच्यात बसलो तवा त्यांचं तोंड बघितलंय मी, तवा मला दिसत व्हतं." त्या थांबल्या. "आन् बोलले, त्यांना सांग, सुनंदाला घेऊनच बसा. एकट्यानं नाय."

चावी मी घेतली नाही. नंतर बघू म्हणालो. मंगलताईंना त्याहून अधिक काही माहीत नव्हतं; त्यांच्या नवऱ्यानं शब्द पाळला होता. आणि ज्याला बोट नव्हतं तो 'का'ही त्यांनी ओळखला होता, कदाचित त्या पहिल्या दुपारीच.

परत निघालो. सरळगाव गेलं. सुनंदा नेहमीसारखी खिडकीतून बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "तुमच्या मनात होती ती गाडी?"

मी मान डोलावली.

"भावजींना दिसलं. मला कधी बोलला नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि त्यांनी ती तुम्हाला का द्यावी?"

किन्हवली आली. मग रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि बंद केली. आमची जुनी, दार दोनदा आपटायला लागणारी गाडी. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. किती वर्षं कुणी नव्हतं. त्या गाडीत आम्ही दोघंच असायचो, तिसरं कुणी कधी चढलंच नव्हतं, आणि हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात येत होतं.

सुनंदानं हात पुढे केला. त्यावर टाकायला माझ्याकडे काही नव्हतं. तो तसाच उघडा धरला आणि मी तोंडानं सांगायला लागलो.